राकिम: आवाज न चढवता रॅप बदलणारा माणूस

आज बोलूया राकिमबद्दल. तुम्ही नास किंवा एमिनेम ऐकत असाल आणि राकिमचं नावही माहीत नसेल, तरी त्याचं काम तुमच्या कानावर रोज पडतंय. कसं, ते सांगतो.

1986 मध्ये एक सिंगल आली. एका बाजूला 'एरिक बी. इज प्रेसिडेंट', दुसऱ्या बाजूला 'माय मेलडी'. रेकॉर्डिंग झालं न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिजमध्ये, मार्ली मार्ल या निर्मात्याच्या घरगुती स्टुडिओत. डीजे एरिक बी. तिथे लाँग आयलंडचा एक पोरगा घेऊन आला होता. पोरगा अठराच्या आसपासचा. तो सोफ्यावर बसूनच माइकमध्ये बोलायला लागला. हळू, एका पट्टीत. मार्ली मार्ल आणि तिथे असलेला रॅपर एमसी शान त्याला सांगू लागले, अरे, जरा जोर लाव की! त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. तो रन-डीएमसी आणि एलएल कूल जेचा काळ, आवाज चढवला नाही तर रॅप कसलं? पण पोरगा हलला नाही. गाणं डीजेच्या नावाचं होतं, लोकांच्या डोक्यात बसला तो राकिमचा आवाज.

आता हा थंडपणा आला कुठून? फक्त रॅप ऐकून नाही. मेली मेल, कूल मो डी, ग्रँडमास्टर कॅझ हे त्याचे आवडते होतेच, पण घरात आई जॅझ गायची, मावशी-आत्यांमध्ये रूथ ब्राउनसारखी मोठी गायिका होती आणि राकिम स्वतः लहानपणी सॅक्सोफोन वाजवायचा. त्याचा देव म्हणजे जॉन कोलट्रेन. राकिम वायन्डँच गावात वाढला. त्याला लागूनच डिक्स हिल्स आहे आणि तिथल्याच घरात 1964 मध्ये कोलट्रेनने 'अ लव्ह सुप्रीम' रचलं होतं. जुलै 1967 मध्ये कोलट्रेन गेला, जानेवारी 1968 मध्ये राकिम जन्मला. भेट झालीच नाही, पण शिकवणी झाली रेकॉर्डवरून.

सॅक्सोफोनवाला काय करतो बघा. ड्रमचा ठोका आला म्हणून तो थांबत नाही. सूर ठोक्याच्या पलीकडे नेतो, मधेच श्वास घेतो, पुन्हा वेगळ्याच जागी पकडतो. आपल्याकडे गवई समेला हुलकावणी देत देत येतो ना, तसंच काहीसं. राकिमने हे शब्दांनी करायला घेतलं. तोवर बहुतेक रॅपमध्ये ओळ संपली की यमक, यमक आलं की थांबा. 'गाडी आली, गर्दी झाली' छापाचं. राकिमने यमक ओळीच्या पोटात नेलं आणि वाक्य पुढच्या ओळीत सांडू दिलं. मराठीत करून दाखवतो, आत्ताच जुळवलंय, हसू नका: 'रात्रीची गाडी सुटली, जत्रेची वाडी उठली'. बघा, शेवटचाच नाही, प्रत्येक शब्द पुढच्या जोडीदाराला टाळी देतोय. आता हेच संपूर्ण कडवंभर करायचं आणि शिवाय अर्थही लावायचा!

त्याची लिहायची पद्धतही त्याने सांगितली आहे, आइस-टीच्या 2012 च्या 'द आर्ट ऑफ रॅप' या माहितीपटात. आधी कागदावर 16 टिंबं. रॅपचं कडवं साधारण 16 बारचं असतं. मग चार बारचा तुकडा त्याला आलेखासारखा दिसतो. त्यात किती शब्द, किती अक्षरं मावतील? आणखी एकही अक्षर घुसणार नाही, इथपर्यंत भरत जायचं. आणि एवढं भरूनही ऐकताना घाई वाटत नाही. माझ्या मते त्याची खरी करामत इथे आहे. वेगाने बोलणारे रॅपर ढीगभर सापडतील.

1987 चा पहिला अल्बम 'पेड इन फुल' क्लासिक मानतात. मानावाच. पण त्याच्या 10 ट्रॅकपैकी तीनांत राकिमचं रॅपच नाही, हेही खरं. तरीही तेवढ्यावर पुढची पिढी घडली. नास तर त्याच क्वीन्सब्रिजचा. 2004 च्या अल्बममध्ये त्याने एक आख्खं गाणं राकिमच्या चरित्रावर केलं.

मग राकिम स्वतः एवढा मोठा स्टार का नाही झाला? 1992 चा चौथा अल्बम आला, मग जोडी फुटली, कोर्टकचेरी झाली. पहिला सोलो अल्बम यायला 1997 उजाडलं. त्यानंतर डॉ. ड्रेच्या आफ्टरमाथ कंपनीशी करार झाला. स्वप्नातली जोडी! पण ड्रेला हवा होता गँगस्टर बाज, राकिमला तो नको होता. 2003 मध्ये तो अल्बम न काढताच बाहेर पडला. सोफ्यावरच्या पोराला सांगितलं होतं आवाज बदल, आता सांगितलं विषय बदल. या वेळी नकार महाग पडला. एमिनेम, फिफ्टी सेंट ज्या कंपनीतून जगभर पोचले, तिथून हा रिकाम्या हाताने परतला. चूक होती का? मला नाही वाटत. पण तो अल्बम ऐकायला मिळाला नाही याची चुटपुट आहेच.

आता गृहपाठ. आज रात्री 'माय मेलडी' लावा आणि मग 1988 चं 'फॉलो द लीडर'. पहिल्या वेळी बोटांवर फक्त ड्रम मोजा, शब्दांकडे लक्षच देऊ नका. दुसऱ्या वेळी तो श्वास कुठे घेतो ते पकडा. सापडलं तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवू. चला, भेटू!