वर्षांतून एक घटका
(महोत्सवाच्या सायंसभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगीं आम्हीं जो विषय निवडिला आहे तो कित्येकांस बालिश वाटेल. अमेरिकेंत नाताळच्या सुमारास दूरचित्रवाणीवर दाखविल्या जाणाऱ्या जुन्या चलच्चित्रांविषयीं आम्ही बोलणार आहों. तींहि बाहुल्यांचीं आणि हातानें रेखाटलेलीं. परंतु ज्यांचीं मुलेंबाळें त्या देशीं स्थायिक झालीं आहेत, त्यांनीं तेथील साठी उलटलेलीं माणसेंहि डिसेंबर लागतांच या चित्रांच्या आठवणीनें कशीं सद्गदित होतात, हें ऐकिलें असेल. हा जिव्हाळा कशांतून उपजला, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

६ डिसेंबर १९६४ रोजीं एन.बी.सी. या संस्थेनें लाल नाकाच्या रूडॉल्फ हरणाची कथा प्रथम दाखविली. कथा अमेरिकन, निर्माते रँकिन व बास हेहि अमेरिकन. पण बाहुल्या हलविल्या त्या जपानांत, टोकियो येथें टाडाहितो मोचिनागा यांच्या चित्रशाळेंत. बाहुलीचा पाय केसभर सरकवावयाचा, छायाचित्र घ्यावयाचें, पुन्हा केसभर सरकवावयाचा. पडद्यावर तर एका सेकंदांत चोवीस चित्रें सरकून जातात! संगणकानें काढलेल्या आजच्या गुळगुळीत चित्रांपुढें तीं हरणें बेंगरूळ दिसतात खरीं. तथापि कोणाच्या तरी बोटांनीं त्यांस चालविलें आहे, हें बालकास न सांगतां कळतें, असें आम्हांस वाटतें.

या कथेंत टाकून दिलेल्या खेळण्यांचें एक बेट आहे. ठिपक्यांचा हत्ती, चौकोनी चाकांची आगगाडी, असे तेथील दुर्दैवी रहिवासी. सांताक्लॉजला सांगून तुम्हांस घर मिळवून देऊं, असें आश्वासन त्यांस मिळतें. पण पहिल्या वर्षीं तें पुरें झालेलें कोठेंच दाखविलें नव्हतें. प्रेक्षकांनीं तक्रारीचीं पत्रें धाडलीं, आणि १९६५ सालीं सांताक्लॉज त्या बेटावर उतरतो असा प्रसंग शेवटीं नव्यानें जोडावा लागला. बाहुल्यांना दिलेलें वचनहि मोडूं नये, असा आग्रह धरणारा प्रेक्षकवर्ग आम्हांस फार आवडतो.

त्याच वर्षीं, ९ डिसेंबरला, सी.बी.एस. संस्थेनें चार्ल्स शुल्झ यांच्या चार्ली ब्राउनचा नाताळ दाखविला. हें काम अवघ्या सहा महिन्यांत उरकलेलें. पात्रांचे आवाज खऱ्या मुलांचे. त्यांत कांहीं इतकीं लहान कीं, त्यांना वाचतां येत नसल्यानें एकेक तुकडा सांगून वदवून घ्यावा लागला. पार्श्वसंगीत व्हिन्स ग्वाराल्डी यांचें जाझ, आणि प्रेक्षकांस हंसविण्यासाठीं त्या काळीं भरीत असत तें कृत्रिम हास्य मुळींच नाहीं. बाजारी नाताळाला विटलेला चार्ली ब्राउन नाताळचा खरा अर्थ विचारतो. तेव्हां त्याचा मित्र लायनस रंगमंचावर जाऊन संत लूकच्या शुभवर्तमानांतील दुसऱ्या अध्यायाच्या ८ ते १४ या ओवी म्हणतो. या उताऱ्याविषयीं शुल्झ यांच्या सहकाऱ्यांसहि शंका होती. शुल्झ मात्र ढळले नाहींत. संस्थेच्या अधिकाऱ्यांना तर सगळेंच चित्र संथ व नीरस वाटलें. पण अमेरिकेंत त्या रात्रीं जेवढे संच चालू होते, त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांवर तेंच चित्र लागलें होतें! ज्या लायनसच्या हातून पांघरूण कधीं सुटत नाहीं, तो देवदूत मेंढपाळांस भय टाकण्यास सांगतो त्या शब्दापाशीं तें खालीं पडूं देतो. त्याबद्दल पडद्यावर कोणी अवाक्षर काढीत नाहीं. मध्यरात्रीच्या मिस्सेला आपण प्रतिवर्षीं ऐकतों तोच हा उतारा.

१९६६ सालीं ग्रिंच आला, १९६९ सालीं फ्रॉस्टी हा बर्फाचा माणूस. त्यांचीं गुणवर्णनें करीत बसत नाहीं.

आमच्या मतें या सर्वांची मोहिनी कलेइतकीच वाट पाहण्यांत होती. घरोघरीं चित्रफिती येण्यापूर्वीं हीं चित्रें वर्षांतून एकदांच, ठरल्या रात्रीं, ठरल्या वेळीं येत. चार्ली ब्राउनचें चित्र तर सुमारें एका घटकेचें. तें चुकलें कीं पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबावयाचें. म्हणून जेवणें लवकर आटोपत, आणि शेजारच्या घरींहि त्याच क्षणीं तेंच चाललें आहे, हें प्रत्येक मुलास ठाऊक असे. २०२० सालीं चार्ली ब्राउनचे हक्क ॲपल कंपनीकडे गेले. लोकांनीं नाराजी दाखविल्यावर त्या व पुढल्या वर्षीं सार्वजनिक वाहिनीवर तें दाखविलें. पुढें तेंहि थांबलें. वर्गणीदारास तें आतां जुलै महिन्यांतहि पाहतां येतें. सोय मोठी आहे. पण जुलैंत पाहणाऱ्यास शेजारी सोबतीला नसतो. रूडॉल्फ मात्र २०२४ सालीं पुन्हा एन.बी.सी.वर परतला, आणि ठरल्या रात्रीं.

त्या चित्रांतील बहुतेक बाहुल्या काळाच्या ओघांत नाहींशा झाल्या. रूडॉल्फ व सांताक्लॉज तेवढे टिकले. निर्मात्यांकडील एका कर्मचाऱ्याच्या घरीं ते कैक वर्षें नाताळच्या झाडाखालीं ठेवीत, आणि घरचीं मुलें त्यांच्याशीं खेळत. सांताक्लॉजची अर्धी मिशी गेली, रूडॉल्फचें लाल नाक हरवलें. तें पुढें नवें बसविलें. २०२० सालीं लिलांवांत दोघांना मिळून ३,६८,००० डॉलर आले, आणि घेणाऱ्यानें ते अटलांटा येथील बाहुली-संग्रहालयास देऊन टाकले.