न मेलेल्यांची नोंद

दवाखान्याची कामं कुणाच्या तरी गळ्यात घालून इथवर आलेल्या माझ्या पशुवैद्यक बंधुभगिनींनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात. अध्यक्षाने व्यवसायाचा आढावा घ्यावा आणि रिक्त पदांबद्दल हळहळावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. रिक्त पदाबद्दल मीही बोलणार आहे. फक्त ते पद कोंबडीच्या पेशीतलं आहे.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातल्या पहिल्या बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब झालं. या सभागृहातले काही जण तेव्हा तिथे होते, मीही होतो. अंगभर पांढरा पोशाख, चष्म्यावर साचलेली वाफ, खड्डे आणि चुना. शेडमधलं काम यांत्रिकपणे उरकत होतं, पण गावरान कोंबड्यांसाठी घरोघर जायची वेळ आली तेव्हा हात जड झाले. एका म्हातारीने कोंबडी कवटाळून विचारलं, ''डाक्टर, ही तर धडधाकट आहे. हिला कशाला?'' मी तिला नियम सांगितला. नियम बरोबरच होता. पण धडधाकट दिसणं म्हणजे नक्की काय, हे माझं मलाच तेव्हा धड सांगता आलं नसतं.

त्याचं उत्तर मला पुढे बदकांकडून मिळालं. बर्ड फ्लूचे जे प्रकार दोन-तीन दिवसांत अख्खी शेड झोपवतात, त्यांतले कित्येक अंगात घेऊन बदक डबक्यात निवांत पोहत असतं आणि विष्ठेतून पाण्यात विषाणू सोडत असतं. २०१० साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या कॅथरीन मेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचं एक मोठं कारण दाखवलं. जुन्या गावगाड्यात रात्री वेशीवर जागल्या असायचा. पेशीतही तसा एक असतो. त्याचं नाव 'रिग-आय'. फ्लूच्या विषाणूचा आरएनए आत शिरला की तो ओळखतो आणि आरोळी ठोकतो. ती आरोळी म्हणजे इंटरफेरॉन. ती ऐकून शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. बदकाकडे हा जागल्या आहे. कोंबडीकडे त्याचं जनुकच सापडत नाही. दुसरे पहारेकरी थोडंफार सांभाळून घेतात, पण हे पद रिकामंच. बदकाचं हे जनुक कोंबडीच्या पेशींत घातलं, तेव्हा प्रयोगशाळेतल्या बशीत विषाणूची वाढ मंदावली.

हे वाचून मी हुरळलो होतो. पद भरलं की काम झालं, असं सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला वाटणारच! पण अलीकडे म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी खरोखरच बदकाचा जागल्या आणि त्याचा मदतनीस असलेलं दुसरं प्रथिन, दोन्ही बाळगणाऱ्या कोंबड्या तयार केल्या आणि त्यांना फ्लूची लागण केली. त्या वाचल्या नाहीत. साध्या कोंबड्यांपेक्षा जास्त आजारी पडल्या, जास्त मेल्या. विषाणू वाढला म्हणून नव्हे, तर दाहाचा आगडोंब उसळला म्हणून. आरोळी ऐकून गाव जागं झालं, पण शांत कसं व्हायचं हे त्या गावाला ठाऊक नव्हतं. 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं छापलेल्या बाटल्या जे कुक्कुटपालकांना विकतात, त्यांच्यापर्यंत हा प्रयोग कुणीतरी पोचवायला हवा.

शांत होण्याची विद्या वटवाघळाला साधली आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका काळ्या फळखाऊ वटवाघळात लागण नसतानाही थोडा इंटरफेरॉन कायम तयार असतो, म्हणजे वेशीवरचा दिवा मालवतच नाहीत. उलट दाह पेटवणारे गजर मात्र दाबून ठेवलेले. 'स्टिंग' नावाच्या प्रथिनात इतर सस्तन प्राण्यांनी जपलेला एक दुवा वटवाघळांत बदललेला आहे, हे २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं; पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या लिनफा वांग यांच्या गटाने दाहाचा आणखी एक गजर मंद असल्याचं सांगितलं. उडताना शरीराची जी झीज होते, तिने सतत दाह पेटू नये म्हणून ही तडजोड झाली असावी, असा एक तर्क आहे. मला तो पटतो.

ही तडजोड डुकराने केलेली नाही, माणसानेही नाही. १९९८-९९ मध्ये मलेशियात वटवाघळांचा निपाह विषाणू डुकरांत आणि डुकरांतून माणसांत आला. २६५ रुग्णांपैकी १०५ दगावले, सुमारे ११ लाख डुकरं मारावी लागली. आणि हे फार लांबचं समजू नका. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरजवळच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्या. गुहेत मेलेल्या वटवाघळांचा खच नव्हता. कुणी मुद्दाम तपासलं, म्हणून कळलं.

एकाच जातीतही हा फरक असतो, आणि तो आपल्या आजोबांच्या पिढीतल्या पशुवैद्यांना माहीत होता. १८८९ मध्ये पुण्यात सुरू होऊन पुढे मुक्तेश्वरला गेलेल्या प्रयोगशाळेत एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला. आपल्या मैदानी देशी गुरांना ती लस मानवली. विलायती आणि संकरित जनावरांना तिचाच त्रास झाला. तेव्हा रिग-आय कुणाच्या स्वप्नातही नव्हता. कुठल्या गोठ्यातलं कुठलं जनावर तापलं आणि कुठलं नाही, एवढं मात्र कुणीतरी लिहून ठेवलं होतं. २०११ मध्ये बुळकांडी जगातून गेली, त्यात या कोरड्या नोंदींचा वाटा आहे.

आज आपण काय लिहितो? मरतुक किती, विल्हेवाट किती, भरपाई किती. दोडामार्गात माकडतापाची चाहूल लागते ती माकड मरून पडल्यावर. त्याच रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांकडे गोचीड आणि विषाणू दोन्ही असू शकतात, पण त्या मरत नाहीत, म्हणून आपल्या कागदावर येत नाहीत. लम्पीच्या साथीत एकाच दावणीला बांधलेल्या चार जनावरांपैकी एकाच्या अंगावर गाठ उठली नाही, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्याचं रक्त कुणी घेतलं? मीही घेतलं नाही.

म्हणून एक ठराव आणतो आहे. साथीच्या अहवालाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: त्याच आवारात राहून आजारी न पडलेली जनावरं. आणि त्यातल्या निदान दोघांचे नमुने मेलेल्यांच्या नमुन्यांबरोबर पाठवावेत. खर्च दोन नळ्यांचा आणि थोड्या बर्फाचा आहे. ठराव उद्या सकाळी पहिल्या सत्रात येईल. सूचक मी आहे. अनुमोदक तुमच्यातून हवा.