चांदीच्या पुंजक्यातील अदृश्य हायड्रोजन

चांदी व हायड्रोजन यांचे संयुग एरवी टिकत नाही. तथापि २०१६ मध्ये सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी चांदीचे १८ आणि हायड्रोजनचे १६ अणू असलेला सूक्ष्म पुंजका सिद्ध केला. सोडियम बोरोहायड्राइड त्याला हायड्रोजन पुरविते. फॉस्फिनच्या १० रेणूंचे आवरण त्याचे रक्षण करते.

क्ष-किरणांना चांदीच्या ४७ इलेक्ट्रॉनांपुढे हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही. म्हणून अशा पुंजक्यांत हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम योजतात. प्रत्येक अणूमागे वस्तुमान सुमारे एका एककाने वाढते. त्या वाढीवरून संख्या कळते. अणूंची नेमकी जागा मात्र न्यूट्रॉन-विवर्तनाने निश्चित होते. ही गणती चुकली, तर सूत्र चुकते आणि गुणधर्मांचे स्पष्टीकरणही ढासळते.