गाडीची जागा, माणसाचं घर

आजचा विषय शहरातला आहे. पण आपल्या प्रत्येकीच्या घरातलं कुणी ना कुणी शहरात कामाला आहेच, म्हणून बोलते.

आमच्या गटातल्या एका ताईंची धाकटी जाऊ पुण्यात असते. नवरा एका सोसायटीत वॉचमन. पार्किंगच्या कोपऱ्यात पत्रे ठोकून केलेली खोली, तेच त्यांचं घर. दिवाळीनंतर मी तिथे गेले होते. खोलीला खिडकी नाही. गाडी सुरू झाली की धूर थेट आत. धाकटं लेकरू सारखं खोकत होतं. कागद काहीच नाही, त्यामुळे पत्त्याचा पुरावा नाही. काम सुटलं की त्याच दिवशी खोली सुटणार. आणि समोर गाड्यांच्या पाच-सहा जागा रिकाम्या! ती मला म्हणाली, "ताई, इथं गाडीच्या जागेला नंबर आहे, आम्हाला नाही."

घरी येऊन मी हिशेब केला. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दोन मोटारींची जागा झाली २५ चौरस मीटर. आपल्या गावात प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल किमान केवढं असतं? तेवढंच, २५ चौरस मीटर!

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घरभाडं सामान्य माणसाला परवडेनासं झालंय. तिथे १ जानेवारी २०२० पासून कायदाच बदलला. जुन्या इमारतीतलं पार्किंग, सामानाची खोली अशा न राहत्या जागेत नवी घरं करता येतात. आधीच्या घरांच्या २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २० घरांच्या इमारतीत ५. नवी जमीन घ्यावी लागत नाही, छप्पर तयारच असतं. खर्च येतो तो पाणी, सांडपाणी, वीज आणि भिंतींचा.

पण तिथे नुसते पत्रे ठोकून चालत नाही. परवानगी लागते, आणि राहत्या घराचे नियम त्या घरालाही लागू होतात. उजेड, हवा, संडास, आगीपासून बचाव, सगळं बघितलं जातं.

मजबुतीचंही बघावं लागतं. १९८९ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को शहरात खाली गॅरेज असलेल्या काही इमारती तळातूनच कोसळल्या. २०१३ मध्ये शहराने अशा जुन्या लाकडी इमारतींचा तळ पक्का करणं सक्तीचं केलं. ते काम करताना तिथेच नवी घरं काढायलाही वाट दिली. आपल्याकडेही २००१ च्या भूकंपात अहमदाबादला नुसत्या खांबांवर उभ्या इमारती पडल्याच होत्या. म्हणून इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक भिंतही घालू नये, की पाडू नये.

कुणी म्हणेल, मग गाड्या कुठे लावायच्या? प्रश्न खरा आहे. रस्त्यावर गर्दी झाली तर शेजारी भांडणारच. म्हणून जिथे जागा रिकाम्या पडतात आणि बस-रेल्वे जवळ आहे, तिथून सुरुवात करावी. कॅलिफोर्नियात २०२३ पासून मोठ्या बस-रेल्वे थांब्याच्या साधारण ८०० मीटरच्या आत बांधकामाला पार्किंगची सक्ती जवळजवळ उठवली आहे.

आपल्याकडे पार्किंग म्हणून मंजूर झालेल्या जागेत परस्पर घर करता येत नाही. तरी माणसं तिथे राहतातच, चोरून आणि अंधारात. मला वाटतं, चोरून राहण्यापेक्षा नियम करून, खिडकी काढून, कागद देऊन राहू द्यावं. गाडीसाठी नियम होतो, तर माणसासाठी का होऊ नये?

तोवर एवढं करा. तुमचा लेक, दीर, भाऊ वॉचमनकीला निघाला असेल तर त्याला आधी तीन गोष्टी विचारायला सांगा. खोलीला खिडकी आहे का? संडास-पाणी आहे का? आणि राहायला देतोय असं लिहून देणार का? पगार नंतर विचारला तरी चालेल.

येत्या बैठकीत हा विषय घ्या.