महाविद्यालयाचे दार आणि शाळेची वाट
(धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांसमोर विहारात दिलेले व्याख्यान)



"मुलगा दहावी झाला की कॉलेजात जाईलच, मग आठवी-नववीची एवढी चिंता कशाला?" असे आपल्यातील पुष्कळ पालक विचारतात. उत्तरासाठी आपणांस जरा दूर, अमेरिकेत नेतो.

तेथे कम्युनिटी कॉलेज नावाची दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये आहेत. शुल्क तुलनेने अल्प, आणि शालेय शिक्षण पुरे केलेल्या जवळजवळ कोणासही प्रवेश. गरीब व कृष्णवर्णीय घरांतील मुले तेथे मोठ्या संख्येने जातात. दार असे सताड उघडे असूनही कित्येक जण पदवीवाचून परततात. प्रवेशाच्या वेळी गणिताची व इंग्रजीची एक लहानशी चाचणी घेण्याची तेथे रीत होती. तीत जो कमी पडे त्याला पूर्वतयारीच्या वर्गात बसवीत. त्या वर्गाचे पैसे भरावे लागत, परंतु पदवीच्या हिशेबात तो बहुधा धरला जात नसे. अनेकांची उमेद तेथेच संपे.

२०१२ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील संशोधकांनी दाखवून दिले की, त्या एका चाचणीपेक्षा हायस्कुलातील सर्व वर्षांचे सरासरी गुण विद्यार्थ्याच्या पुढील यशाची अधिक खरी कल्पना देतात. (बाबासाहेब १९१३ साली ज्या विद्यापीठात दाखल झाले, तेच हे कोलंबिया!) २०१७ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून शाळेतील गुणांना या निवडीत मानाचे स्थान दिले.

याचे कारण उघड आहे. चाचणी एका सकाळची असते. सरासरी गुणांत मात्र रोजची हजेरी, पुरा केलेला अभ्यास, न कळलेले पुन्हा विचारण्याची सवय, हे सारे साठलेले असते. ऊसतोडीच्या हंगामात आपण मुलाला सोबत नेतो, धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी मुलीला घरी ठेवतो, तेव्हा तिच्या कॉलेजातील गणिताचा पाया आपणच खणून काढीत असतो. हे बोलणे कटू आहे, पण ते आपल्या घरातले आहे.

सारा दोष मात्र पालकांचा नव्हे. शाळा जे नाकारते ते विद्यार्थ्याला पुढे फार महाग पडते. बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने मिळविले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले, आणि पुढे त्या परिसरात मिलिंद हायस्कूलही उभे राहिले. म्हणून आपल्या गावच्या शाळेत गणिताचा शिक्षक आहे की नाही, प्रयोगशाळेचे कुलूप वर्षातून किती वेळा उघडते, हे मुख्याध्यापकांस विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. एकट्याने संकोच वाटत असेल तर चारपाच घरांनी मिळून जावे.

येत्या रविवारी वंदनेनंतर आठवी ते दहावीच्या मुलामुलींची प्रगतिपुस्तके घेऊन यावे. गुणांच्या आधी आपण हजेरीचा रकाना वाचू.