कायदा बदलला, कुळाचे काय?

भोर-वेल्ह्याकडे जमिनीची जुनी कागदपत्रे काढली, की एकाच दप्तरातून दोन राज्यांचे शिक्के बाहेर येतात. राजगड आणि प्रचंडगड, म्हणजे आपला तोरणा, हे भोर संस्थानचे तालुके. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. मग पंतसचिवांचे कायदे त्याच रात्री संपले काय? नाही. राज्य गेले म्हणून कायदा आपोआप जात नाही. तो रद्द करावा लागतो. मुंबई सरकारने आपले कायदे या मुलखाला क्रमाक्रमाने लावले, आणि १९५० साली त्याकरिता वेगळा कायदाच केला.

रद्द करण्याचेही नियम आहेत. ते १९०४ च्या मुंबईच्या 'सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमा'त सापडतात. (नाव ऐकून घाबरू नका, आत साध्याच गोष्टी आहेत.) जुना कायदा गेला, तरी त्याखाली मिळालेला हक्क राहतो, देणे राहते, चालू दावा चालू राहतो. नव्या कायद्याने उलट सांगितले तरच गोष्ट वेगळी. शिवाय रद्द करणारा कायदा पुढे स्वतःच रद्द झाला, तरी पहिला मेलेला कायदा त्यामुळे उठून बसत नाही.

आता दुरुस्तीकडे येऊ. १९४८ च्या कुळकायद्यात १९५६ साली मोठी दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळाने जमीन विकत 'घेतली असे मानण्यात येईल' असे ठरले. हा 'मानण्यात येईल' शब्द फार वजनाचा. खरेदीखत नाही, रजिस्ट्री नाही, तरी कायदा म्हणतो की खरेदी झाली. किंमत ठरवायचे काम मागाहून 'बत्तीस ग'खाली व्हायचे.

परंतु जमीनमालक विधवा असेल, तर हा दिवस पुढे ढकलला जाई. ती वारल्यावर तिच्या वारसाला जमीन मागण्यास एक वर्ष, आणि त्यापुढचे एक वर्ष कुळाला, खरेदीची इच्छा कळवण्यासाठी. आता मालकीणबाई राहणार मुंबईला, कूळ राबणार खाचरात. बाई केव्हा गेल्या हे त्याला कोण सांगणार? वर्ष निघून जाई, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन हातची जाई.

१९६९ साली दुरुस्ती झाली: मालक अज्ञान असेल तर त्याने सज्ञान झाल्याचे कुळाला कळवावे. विधवेच्या वारसाबद्दल मात्र एक अक्षर नाही. शब्दाला शब्द लावून वाचले, तर वारसावर बंधन नव्हते. शब्द स्पष्ट असतील तर शब्दच धरावेत, हा अर्थ लावण्याचा पहिला नियम खराच. पण त्या अर्थाने कायद्याचा हेतूच बुडत असेल तर? सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हेतू धरला: विधवेच्या वारसानेही कुळाला कळवले पाहिजे.

निकाल मला योग्य वाटतो. तरी अर्धी ओळ विधिमंडळानेच १९६९ मध्ये घातली असती, तर पन्नास वर्षे वाचली असती. अंतिम झालेले जुने निकाल नंतरच्या अर्थाने सहसा उकरता येत नाहीत.

गुरुजींना एक विनंती. गावात कोणी कायद्याचे पुस्तक वाचायला आणले, तर आधी ते कोणत्या सालापर्यंत दुरुस्त केलेले आहे ते पाहा, आणि कलमाखालचे 'परंतु'ने सुरू होणारे वाक्यही मोठ्याने वाचा.