दाराशी हलकी पावलं

दुपारची कामं उरकली असतील तर जरा रेडिओजवळ बसा. आम्ही सात जणी महिन्यातून एकदा जमून एक पुस्तक वाचतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या वेळी आम्ही भीतीची गोष्ट निवडली. आमच्यातल्या जिला इंग्रजीची सवय आहे, ती मराठीत सांगत गेली आणि बाकीच्या ऐकत बसलो.

पुस्तकाचं नाव ‘कार्मिला’. लेखक डब्लिनचे जोसेफ शेरिडन ले फॅनू. ही लघुकादंबरी १८७१-७२ मध्ये एका मासिकात क्रमशः आली. ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८९७ मध्ये आली.

गोष्ट घडते ऑस्ट्रियातल्या स्टिरिया भागात. एकोणीस वर्षांची लॉरा जंगलातल्या गढीत वडिलांसोबत राहते. आई लहानपणीच गेली. वस्ती असलेलं सगळ्यात जवळचं गाव सात मैलांवर. वडिलांच्या मित्राची, जनरलसाहेबांची, पुतणी राहायला येणार म्हणून लॉरा दिवस मोजत असते, आणि ती पुतणी वारल्याचं पत्र येतं. त्याच संध्याकाळी गढीसमोर एक घोडागाडी उलटते. गाडीतल्या बाई तातडीच्या प्रवासाचं कारण सांगून आपल्या मुलीला तीन महिन्यांसाठी तिथे ठेवून जातात. तीच कार्मिला.

भीती कशी हळूहळू चढते पाहा. कार्मिला स्वतःबद्दल तीनच गोष्टी सांगते: नाव कार्मिला, घराणं जुनं आणि खानदानी, घर पश्चिमेकडे. रात्री दार आतून लावून घेते, उशिरा, दुपारीच खोलीबाहेर येते. लॉराला मिठीत घेऊन ती आपलीच आहे, आपलीच राहणार, असं कानाशी बोलत राहते. लॉराला ते हवंसंही वाटतं आणि शिसारीही येते. घरात १६९८ सालचं एक जुनं चित्र स्वच्छ होऊन येतं, त्यात हुबेहूब कार्मिला! लॉरा ते कौतुकाने आपल्या खोलीत लावायला मागते. इकडे आसपासच्या गावांतल्या तरुण मुली एकेक करून मरत असतात.

मग लॉरा खंगू लागते. तीन आठवडे ती वडिलांना काही सांगत नाही, डॉक्टर बोलावू देत नाही. शेवटी डॉक्टर येतात, तिच्या गळ्याखालचा निळसर डाग पाहतात आणि वडिलांना एक सूचना देतात: या मुलीला क्षणभरही एकटं ठेवू नका.

पुढे जनरलसाहेबांकडून उलगडा होतो. त्यांच्या पुतणीकडेही अशीच एक पाहुणी आली होती, मिलार्का. चित्रातली ती मिर्काला. अक्षरं तीच, फक्त जागा बदललेल्या. पुढचं तुम्हीच वाचा.

गोष्ट संपल्यावर आमच्या काकू म्हणाल्या, “दोन बायकांचं असलं काही लिहिलं, की शेवट हा असाच.” त्यावर आमच्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली, “काकू, ड्रॅक्युला पुरुष होता. म्हणून पुरुषाने बाईवर प्रेम करणंच वाईट, असं आपण म्हणतो का?” काकू हसल्या, पण गप्पही झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “माझ्या बहिणीच्या नवऱ्याने तिला माहेरी येऊ दिलं नाही. प्रेमच एवढं, असं म्हणायचा. तीसुद्धा कुणाला बोलली नाही.”

मग आम्ही बराच वेळ यावरच बोलत राहिलो. ले फॅनूंच्या काळात बाईने बाईवर प्रेम करणं भयंकर मानलं जाई, आणि त्याची सावली पुस्तकावर आहे. तरीही लॉराचा घात कशाने झाला? जिच्याबद्दल काही विचारायचं नाही, अशा माणसाने. आणि मनातलं सांगायला जवळ कुणीच नव्हतं, त्याने.

आपल्या देशात ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. पण घरात अजून कितीतरी मुली हे बोलू शकत नाहीत. आपलं कुणावर प्रेम आहे हे जिला सांगता येत नाही, तिला ते माणूस आपल्याला छळतंय हे तरी कसं सांगता येईल? मारलं, धमकावलं, पैसे काढून घेतले, तरी ती मूग गिळून बसणार. तिच्या गुपिताचा फायदा छळणाऱ्यालाच होतो.

म्हणून मैत्रिणींनो, लेक, भाची, शेजारची पोर अचानक सुकायला लागली, तर आधी “कोण आहे तो?” असं दरडावू नका. तो असेल, ती असेल. “काय होतंय तुला?” एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. डॉक्टरांची सूचना लक्षात ठेवा, तिला एकटं पाडू नका.

लॉरा वाचते. पण नंतरही कधी कधी तिला वाटतं, की कार्मिलाची हलकी पावलं दाराशी वाजली. भीतीसोबत ओढही उरते, हे लेखकाने लपवलेलं नाही. अशातून बाहेर आलेल्या बाईला “अजून तिची आठवण कशी येते तुला?” म्हणून टोचू नये, हेही आम्हाला तिथेच कळलं.

तुम्हाला काय वाटतं, आम्हाला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात नवं पुस्तक घेऊन येतो.